तूर उधळते तेव्हा

वेळ अमावास्येच्या दिवशी लातूर शहरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. येळवस म्हटलं की सगळं गाव रानात. ज्यांना रान नाही ते दुसऱ्याच्या रानात पाहुणे म्हणून जातात. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार, लोहा, मुखेड, देगलूर भागात आणि तिकडे धाराशिवकडेही हीच रीत आहे. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, आणि पूजा झाली की भज्जी, आंबील, उंडे, तिळाची पोळी. भज्जीत हरभरा, वाटाणा, वाल यांच्याबरोबर तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे पडतातच. जेवणं झाली की म्हातारी माणसं झाडाखाली टेकतात आणि बाकीचे बांधाबांधानं रान पाहत फिरतात.

मार्गशीर्ष संपत आलेला असतो. तूर शेंगांनी लगडलेली असते, आणि नेमकी याच दिवसांत ती उधळलेली दिसते. हिरव्यागार तासात मधेच एक झाड वाळलेलं, पुढे सलग चार, मग अर्ध्या-एक गुंठ्याचा तुकडाच्या तुकडा. कुठे निम्मं झाड हिरवं आणि निम्मं वाळलेलं. पायाखाली ओल असते, शेजारचं झाड जोमात असतं, पण या झाडाची पानं मात्र उन्हात पाणी न मिळाल्यासारखी लोंबत असतात. आमच्याकडे याला ‘तूर उधळली’ म्हणतात. कृषी विभागाच्या पत्रकात त्याच रोगाचं नाव ‘मर’ असतं.

काही वर्षांपूर्वी औसा तालुक्यात आमच्या तात्यांच्या रानात मी असाच फिरत होतो. तात्या म्हणाले, “दोन फवारे दिले बघ. दुकानात सांगितलं तेच औषध दिलं, बुरशीचंच होतं. तरी रोज दोन-चार झाडं जायलीच.” मी अर्धवट वाळलेलं एक झाड उपटलं आणि विळ्यानं बुंध्याची साल खरवडली. सालीखालच्या लाकडात काळपट रेघा मुळापासून वर चढलेल्या होत्या. तात्यांनी असं वाळलेलं झाड आयुष्यात हजारदा पाहिलं असेल, पण साल काढून आत कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ ते त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी हे आतून हाय.”

आतूनच आहे, आणि त्याच्याही आधी ते मातीतून आहे. ही बुरशी जमिनीत असते. तुरीचं कोवळं मूळ जवळ आलं की ती मुळाच्या टोकातून किंवा बारीक जखमेतून आत शिरते आणि थेट जलवाहिन्या गाठते. जलवाहिन्या म्हणजे मुळानं शोषलेलं पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या झाडाच्या नळ्या. त्या नळ्यांमध्ये बुरशीचे धागे वाढत जातात. झाडही गप्प बसत नाही. आक्रमण थोपवण्यासाठी ते नळ्यांमध्ये डिंकासारखे पदार्थ सोडतं, पेशींचे फुगवटे तयार करून वाट अडवतं. पण बुरशीला अडवताना ते स्वतःचंच पाणी तोडून बसतं. त्यात बुरशी विषारी द्रव्यंही सोडते. शेवटी मुळाशी पाणी असूनही झाड तहानेनं मरतं. काळपट रेघा दिसतात त्या या चोंदलेल्या नळ्यांच्या. बुंध्याशी त्या गडद असतात आणि शेंड्याकडे फिक्या होत जातात. खोडावर बाहेरूनही खूण उमटते. जमिनीलगत सुरू होऊन वर चढणारा जांभळट पट्टा, हिरव्या खोडाच्या वाणांवर तो चटकन नजरेत भरतो. मुख्य सोटमूळ बाधित झालं तर अख्खं झाड जातं. बाजूचं एखादं मूळ बाधित झालं तर त्या बाजूची फांदीच वाळते, म्हणून अर्धं हिरवं आणि अर्धं वाळलेलं झाड दिसतं.

तात्यांच्या दोन फवाऱ्यांचं काय झालं ते यावरून कळतं. पानावर मारलेलं बुरशीनाशक पानात शिरतं आणि बहुतेक औषधं झाडात वरच्या दिशेनंच सरकतात. ती खाली उतरून मुळापर्यंत जात नाहीत. आणि शेंगांच्या वेळी वाळणारं झाड जुलै-ऑगस्टमध्येच, महिना-दीड महिन्याचं असताना बाधित झालेलं असतं. डिसेंबरात मारलेला फवारा चार महिने उशिरा आणि चुकीच्या टोकाला पोचतो. त्या औषधाचे पैसे, मजुरी, पंपाचं पाणी सगळं वाया गेलं. याचा मला आजही राग येतो, कारण हे दर हंगामात गावोगाव होतं आणि बाटली विकत घेणाऱ्याला कुणी साल खरवडून दाखवत नाही.

नुकसान किती होणार हे झाड कधी वाळतं यावर ठरतं. शेंगा धरायच्या आधी वाळलं तर हाती काहीच लागत नाही. शेंगा पक्व होताना वाळलं तर सुमारे दोन तृतीयांश उत्पन्न जातं आणि अगदी काढणीच्या तोंडावर वाळलं तरी तीस टक्क्यांच्या आसपास फटका बसतो. १९७५ ते १९८० या काळात पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशभरची तुरीची रानं फिरून पाहणी केली. महाराष्ट्रात मर लागलेल्या झाडांचं सरासरी प्रमाण २२.६ टक्के निघालं, म्हणजे दर चार-पाच झाडांमागे एक.

या रोगाच्या बुरशीचं शास्त्रीय नाव शंभर वर्षांहून जुनं आहे. एडविन जॉन बटलर हे आयरिश कवकशास्त्रज्ञ बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत काम करत होते. हिंदुस्थानातल्या पिकांच्या बुरशीरोगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यांच्यापासून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. १९०६ मध्ये त्यांनी तुरीच्या मरीची नोंद केली आणि १९१० मध्ये तिच्या बुरशीला नाव दिलं, फ्युजेरियम उडम. हे फ्युजेरियम कूळ मोठं आहे आणि त्यातल्या अनेक भावंडांनी आपापली पिकं वाटून घेतली आहेत. हरभऱ्याची मर याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीमुळे येते. केळीचा पनामा मर रोगही याच कुळातला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ जातीच्या केळीचं राज्य होतं. ते या रोगानं संपवलं आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटानं घेतली. नांदेडजवळ अर्धापूर-मुदखेडच्या मळ्यांतून ट्रक भरून जाणारी केळी याच कॅव्हेंडिश गटातली. आता त्या गटालाही बाधणारी पनामाची नवी जात बिहार आणि उत्तर प्रदेशात येऊन पोचली आहे. म्हणून अर्धापूरच्या बागायतदारानं दुसऱ्या राज्यातून कंद आणताना दहा वेळा विचार करावा.

यातली शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की ही भावंडं एकमेकांच्या पिकात शिरत नाहीत. तुरीची मर हरभऱ्याला लागत नाही आणि हरभऱ्याची तुरीला लागत नाही. तुरीची बुरशी फक्त तुरीवर आणि तिच्या रानटी नातलगांवर जगते. तिला दुसरं घर नाही, आणि तिला हरवायची वाट तिथेच आहे.

पण आधी एक घोटाळा दूर करायला हवा. वाळलेली प्रत्येक तूर मरीनं वाळलेली नसते. ज्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाची झड लागते आणि काळ्या रानात पाणी तुंबतं, त्या वर्षी फायटोप्थोरा नावाचा करपा येतो. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडवून दुष्काळ आणणाऱ्या रोगकारकाचा हा चुलतभाऊ. काटेकोरपणे पाहिलं तर तो बुरशीही नाही. पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा तो वेगळाच जीव आहे, म्हणून नेहमीची बुरशीनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. त्यात खोडावर जमिनीच्या थोडं वर तपकिरी, खोलगट चट्टा पडतो, तिथे खोड फुगतं किंवा वाऱ्यानं मोडतं. साल काढली तर काळेपणा त्या चट्ट्यापुरताच असतो, मुळापासून चढलेल्या रेघा नसतात. याला फवारणीपेक्षा निचरा महत्त्वाचा. रुंद वरंबा-सरीवर पेरलेली तूर सपाट रानातल्या तुरीपेक्षा यातून सहज वाचते. कोरड्या, तापलेल्या वर्षी दुसरंच होतं. मॅक्रोफोमिना ही बुरशी मुळं कुजवते. झाड ओढलं की मुळांचे तुकडे मातीतच राहतात आणि वर आलेल्या मुळावर कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात. हीच बुरशी सोयाबीनलाही धरते. आणि झाड वाळतच नाही, उलट झुडुपासारखं दाट, फिकट हिरवं होतं, पानं बारीक राहतात आणि फूल म्हणून येत नाही, तर तो वांझ रोग. त्यात बुरशीचा काही संबंध नाही. तो विषाणूचा रोग आहे आणि डोळ्यांना न दिसणारी कोळी ही कीड तो पसरवते. चार रोगांचे चार उपाय आहेत, आणि ते ओळखायला विळा आणि दोन मिनिटं पुरतात.

मरीकडे परत येतो. झाड मेलं तरी बुरशी मरत नाही. धसकटात, मुळांच्या तुकड्यांत ती जाड भिंतीचे टिकाऊ बीजाणू करून बसते आणि तुरीशिवायही सुमारे तीन वर्षं जिवंत राहते. आपण तूर कापतो कशी? विळ्यानं, जमिनीपासून वीतभर वर. तुराट्या घरी येतात. पूर्वी त्यांचे कूड व्हायचे, आता बहुतेक चुलीत जातात. पण मुळं आणि धसकटं रानातच राहतात, म्हणजे रोगाची सगळी शिदोरी आपण जागेवरच ठेवून येतो. पुढच्या नांगरटीत ती धसकटं इकडून तिकडे ओढली जातात आणि गुंठाभर असलेला डाग पुढच्या साली पाच गुंठे होतो. पावसाच्या पाण्याबरोबर ती खालच्या रानात उतरते. आणि उधळलेल्या झाडाच्या शेंगा वेगळ्या न काढता त्याच बियाण्यात मिसळल्या तर बियाण्याबरोबरही जाते. मर हा झाडाचा रोग म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो, पण खरं तर तो रानाचा रोग आहे. उभ्या पिकात त्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं. जे करायचं ते पेरणीच्या आधी, आणि तेही एका वर्षाचं नव्हे, तीन-चार वर्षांचं मिळून ठरवावं लागतं.

ही अक्कल आमच्याकडे नव्हती असं नाही. तिला ‘बेवड’ म्हणत. कोणत्या पिकाच्या मागे कोणतं पीक आलं, आधीच्या पिकानं रान कसं करून ठेवलं, हे सगळं त्या एका शब्दात बसायचं. माझ्या लहानपणी खरिपात लातूर-नांदेडच्या काळ्या रानावर ज्वारी असायची आणि ज्वारीच्या काही तासांमागे एखादं तास तुरीचं असायचं. ज्वारी आधी निघायची, तूर मागे राहायची. तिला मोकळी हवा मिळायची, अंग धरायची. घरच्या डाळीपुरती तूर आणि जनावरांना कडबा, असा तो हिशेब होता.

त्या हिशेबात मरीचाही बंदोबस्त होता हे नंतर प्रयोगांनी दाखवलं. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मर मुरलेल्या रानात वेगवेगळ्या पद्धतीनं तूर घेऊन पाहिली. सलग तुरीपेक्षा ज्वारीतल्या तुरीत मर बरीच कमी आढळली, आणि एक वर्ष नुसती ज्वारी घेऊन नंतर तूर पेरली तरीही मर खूप घटली. कारणं एकाहून अधिक असावीत. ज्वारीच्या मुळांचं दाट जाळं तुरीच्या दोन झाडांमध्ये येतं आणि बुरशीचा एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जायचा रस्ता तुटतो. ज्वारीच्या मुळांतून बुरशीला मारक द्रव्यं पाझरतात, असंही अभ्यासकांनी मांडलं आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामागचं सायनाइडवर्गीय द्रव्यच इथे तुरीच्या उपयोगी पडत असावं, असा तो तर्क आहे.

मग ज्वारी गेली कुठे? तिच्या जाण्याच्या कारणांमध्येही बुरशीच आहे. खरिपाची ज्वारी, विशेषतः लवकर येणारी हायब्रीड, दाणे भरताना परतीच्या पावसात सापडली की काळी पडते. फ्युजेरियम, कर्व्ह्युलॅरिया अशा चार-सहा बुरश्या मिळून दाण्यावर चढतात. काळ्या ज्वारीला भाव नाही, तिची भाकरी कडवट, आणि वर पाखरांची राखण. अशी वर्षं लागोपाठ गेली आणि तेवढ्यात सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत हातात रोख पैसा, लातूरला मोठी बाजारपेठ, तेलाचे कारखाने. शेतकऱ्यानं ज्वारी सोडली यात त्याला दोष देता येणार नाही. पण दाण्यावरच्या बुरशीनं ज्वारी रानाबाहेर काढली आणि तिच्या जाण्यानं दुसऱ्या बुरशीला मोकळं रान मिळालं, हा धागा मला महत्त्वाचा वाटतो.

आज बहुतेक रानांत सोयाबीनच्या चार तासांमागे तुरीची दोन तासं असतात. सोयाबीन स्वतः तुरीची मर पोसत नाही, हे खरं. पण ही जोडी दर वर्षी, त्याच रानात असते. बुरशीला तीन वर्षं उपाशी ठेवायला हवं, आणि आपण तिला दर जूनमध्ये ताट वाढून देतो. ज्वारीतली तूर दर वर्षी आली तरी ज्वारी मधे उभी असायची. आता तेही नाही.

उरलेली मोठी वाट म्हणजे बियाणं, आणि या वाटेवर मराठवाड्यानं फार मोलाचं काम केलं आहे. १९७२ हे दुष्काळाचं साल आपल्या लोकांच्या आठवणीत कायमचं बसलं आहे. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट. देगलूरहून संगारेड्डीमार्गे हैदराबादला जाताना पाटणचेरू वाटेतच लागतं. परभणी विद्यापीठाचं जालना जिल्ह्यातलं बदनापूरचं केंद्र तुरीसाठी नावाजलेलं. दोन्हीकडे एक विलक्षण प्रकार असतो, तो म्हणजे मर मुद्दाम पोसलेलं रान.

शेतकऱ्यानं ते पाहिलं तर त्याचा जीव कळवळेल. उधळलेली झाडं गोळा करायची, त्यांचे तुकडे करायचे आणि ते त्याच रानात मिसळायचे. पुन्हा त्यावर मरीला हमखास बळी पडणारी तूर पेरायची, ती मेली की पुन्हा मातीत गाडायची. असं काही वर्षं केलं की रानातली बुरशी इतकी वाढते की नाजूक वाणाचं एकही झाड वाचत नाही. मग त्या रानात देशभरातून, परदेशांतून आणलेले तुरीचे शेकडो नमुने तासातासानं पेरायचे. अधूनमधून त्या नाजूक वाणाचं एक तास ठेवायचं, म्हणजे रोग सगळीकडे सारखा आहे याची खात्री राहते. डिसेंबरात सगळं रान वाळून कोळ झालेलं असतं आणि मधेच एखादं तास हिरवं उभं असतं. त्या तासाचं बी जपायचं.

इक्रिसॅटमध्ये हे काम उभं करणाऱ्यांत यशवंत लक्ष्मण नेने हे नाव पुढे होतं. त्याआधी पंतनगरला असताना भाताचा ‘खैरा’ नावाचा रोग कुठल्याही बुरशीमुळे नसून जमिनीतल्या जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. दिसतं ते औषध मारून न थांबता मूळ कारणापर्यंत जायची ती सवय तुरीलाही उपयोगी पडली. अशा मर पोसलेल्या रानांतून आयसीपी ८८६३ हा नमुना तावून सुलाखून निघाला. १९८० च्या दशकात तो ‘मारुती’ नावानं कर्नाटकात दिला गेला आणि आपल्या शेजारच्या कलबुर्गी भागात, जिथे मरीनं तूर बसवली होती, तिथे ती पुन्हा उभी राहिली. हा नमुना मुळात महाराष्ट्रातल्या देशी तुरीतून निवडलेला. पुढे मराठवाड्याला जुना परिचित असलेल्या सी-११ वाणाच्या संकरातून आयसीपीएल ८७११९ निघाला. १९९३ मध्ये तो ‘आशा’ म्हणून आला. मर आणि वांझ दोन्हींना तो दाद देत नाही. २०११ मध्ये तुरीचा संपूर्ण जनुकीय आराखडा जगापुढे आला तो याच आशाच्या झाडाचा.

बदनापूरच्या वाणांची नावं आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहेत. बीएसएमआर-७३६ लाल दाण्याचा आणि बीएसएमआर-८५३ पांढऱ्या दाण्याचा. त्यातल्या ‘बी’मध्ये बदनापूर आहे आणि पुढची अक्षरं वांझ रोगाच्या प्रतिकाराची. मग २०१२ मध्ये बीडीएन-७११ आला, पांढऱ्या दाण्याचा, पाच महिन्यांच्या आसपास निघणारा. त्याच्या लवकर येण्याला हलक्या-मध्यम रानात मोठी किंमत आहे, कारण परतीच्या पावसाची ओल संपायच्या आत तो शेंगा भरून मोकळा होतो. पुढचे बीडीएन-७१६ आणि गोदावरी हे वाणही मरीला टिकणारे आहेत. निवड रानाच्या खोलीवर आणि पाण्यावर करावी, शेजाऱ्यानं काय पेरलं त्यावर नको.

प्रतिकारक वाण घेतला म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. ही बुरशीही सगळीकडे एकसारखी नाही. तिचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि एका भागात टिकलेला वाण दुसरीकडे काही प्रमाणात मान टाकतो. दुसरी अडचण घरच्या बियाण्याची. सोयाबीनचं घरचं बी चालतं तसंच तुरीचंही चालेल असं आपण धरून चालतो. पण सोयाबीनचं फूल आपलं आपणच फळतं. तुरीच्या पिवळ्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या रानातल्या तुरीचे परागकण घेऊन येतात. शेजारी मरीला बळी पडणारी तूर असेल तर दोन-तीन वर्षांत आपल्या बियाण्याची शुद्धता आणि तिच्याबरोबर प्रतिकारही पातळ होत जातो. पिशवीवरचं नाव तेच राहतं आणि मग लोक म्हणतात, वाण बिघडला. म्हणून तीन वर्षांनी विद्यापीठाचं किंवा प्रमाणित बियाणं नव्यानं आणावं. घरचं ठेवायचंच असेल तर ते रानाच्या मधल्या भागातून, निरोगी झाडांचं ठेवावं.

बीजप्रक्रियेबद्दल थोडक्यात. किलोभर बियाण्याला कार्बोक्झिन आणि थायरम यांचं मिश्रण ३ ग्रॅम आधी चोळावं, ते सुकल्यावर रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा लावावं. क्रम उलटा करू नये. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशीच आहे, पण ती दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेढून खाते. परभणी विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागाचं ‘बायोमिक्स’ याच जातीच्या उपयोगी सूक्ष्मजीवांचं मिश्रण आहे. १८ मेच्या खरीप मेळाव्यात त्यासाठी लोक रांगा लावतात. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल असताना रानात द्यावं. उन्हातान्हात कोरड्या मातीवर टाकलं तर त्यातले जीव मरतात. पाच किलो बियाण्याला पाकीटभर पावडर आणि पंधरा मिनिटांचं काम, तरी पेरणीच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

२०२४ मध्ये निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं. लवकर शिजणारी, चवीची, पिढ्यान्‌पिढ्या त्या गावानं जपलेली तूर. त्याच सुमारास जालन्याच्या दगडी ज्वारीलाही ते मिळालं. बातमी वाचून मला दोन्हींचा एकदमच आनंद झाला. मारुती वाण मुळात आपल्याच देशी तुरीतून निघाला हे आठवलं तर बोरसुरीसारख्या वाणांकडे फक्त चवीचा ठेवा म्हणून पाहू नये. त्यांचं बी मर पोसलेल्या रानात तपासून घ्यायला हवं. टिकाव धरत असेल तर उत्तमच, नसेल तर प्रतिकार आणून चव राखायचं काम करायला हवं. मानांकनाचा कागद झाडाला मरीपासून वाचवत नाही. आणि दगडी ज्वारीची चार तासं मराठवाड्यातल्या तुरीच्या शेजारी परत आली तर त्यात मला जुन्याची हौस दिसणार नाही, रोगशास्त्र दिसेल.

तात्यांनी त्या हिवाळ्यात उधळलेली सगळी झाडं मुळासकट उपटली. गड्यांना ते पटलं नाही, कारण विळ्यानं कापणं सोपं. उपटलेली झाडं उकिरड्यात न टाकता बांधावर जाळली. डाग असलेल्या वीस-बावीस गुंठ्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी दगड रोवले. एप्रिलात खोल नांगरट करून ते रान उन्हात उघडं ठेवलं. मग तीन खरीप तिथे तूर नव्हती. दोन वर्षं ज्वारी होती आणि एक वर्ष नुसतं सोयाबीन. पहिल्या वर्षीची ज्वारी अर्धी काळी पडली. काकू बोलल्या, तात्यांनी ऐकून घेतलं. कडबा मात्र घरचा झाला, येळवशीच्या कोपीला शेजाऱ्याकडून पेंढ्या मागाव्या लागल्या नाहीत. चौथ्या साली त्याच तुकड्यात त्यांनी ज्वारीच्या तासांमध्ये बीडीएन-७११ पेरली, बी चोळून.

त्या येळवशीला जेवणं झाल्यावर आम्ही परत तिकडे गेलो. तासं भरलेली होती. वरच्या बांधाकडून शेजारच्या रानाचं पाणी उतरतं त्या कोपऱ्यात मात्र सात झाडं गेली होती. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडून विळा मागून घेतला, खाली बसले आणि एका झाडाची साल स्वतःच खरवडायला लागले.